टाक्यातलं पिस्तूल

माझ्या भावाने, ब्लागोताने, ते पिस्तूल माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवलं तेव्हा मी लाल मिरच्या भाजत होते. सप्टेंबरचा दुसरा आठवडा, पंचवीस किलो मिरच्या, खिडक्या उघड्या टाकूनही डोळे चुरचुरत होते, आणि हा पायातले चिखलाचे बूट न काढता थेट आत.

"दारा, हातातलं काम सोड. बघ काय आणलंय."

त्याने टॉवेलची गाठ सोडली. आत चिखलाचा आणि गंजाचा एक हातभर लांब गोळा होता. मूठ कुठली, नळी कुठली हे फक्त आकारावरून ओळखायचं. मी बत्तीस वर्षं संग्रहालयाच्या कार्यशाळेत जुनी शस्त्रं दुरुस्त केली आहेत, त्यामुळे मला एका नजरेत कळलं: जुन्या राजाच्या काळी आमच्या इथला प्रत्येक पुरुष कमरेला खोचून फिरायचा ते पाच गोळ्यांचं अवजड पिस्तूल. मिरच्या करपत होत्या, मी गॅस बंद केला.

"कुठे मिळालं?"

"तबेल्यामागच्या जुन्या टाक्यात. तळाचा गाळ उपसत होतो." त्याने डोक्यावरची टोपी काढली. "वुकोताचं आहे गं. ते खरं होतं सगळं."

वुकोता म्हणजे आमचे पणजोबा. सुहोदोल या आमच्या गावात त्यांची गोष्ट माहीत नाही असं माणूस नाही. एकोणीसशे सोळाच्या हिवाळ्यात ऑस्ट्रियाची फौज वर चढून आली, सगळ्यांनी शस्त्रं जमा करावीत असा हुकूम निघाला, आणि वुकोता एकटे खिंडीत उभे राहिले. पाच गोळ्या, पाच शिपाई. गोळ्या संपल्या तेव्हा शत्रूच्या हाती लागू नये म्हणून पिस्तूल टाक्यात फेकलं. आमच्या घरच्या संताचा दिवस डिसेंबरात येतो, संत निकोलाचा. त्या दिवशी जेवणानंतर घरातला कर्ता पुरुष उभा राहून ही गोष्ट सांगतो. आधी आजोबा सांगायचे, मग बाबा, आता ब्लागोता. ब्लागोता ती सगळ्यांत चांगली सांगतो, हे मान्य करायला हवं. पाचव्या गोळीच्या आधी तो इतका थांबतो की बायका ताटं आवरायची थांबतात.

"संत निकोलापर्यंत चकचकीत करून दे," तो म्हणाला. "मूठ नवी बसव, हाडाची. निकेलचा मुलामा दे. शेकोटीच्या वर लावणार आहे, काचेच्या पेटीत."

शेकोटी म्हणजे तबेल्यातली. गायी विकून त्याने तबेल्याच्या तीन खोल्या केल्या होत्या, पर्यटकांसाठी. गेल्या उन्हाळ्यात चार माणसं आली, त्यातली दोन रस्ता चुकून.

"आधी धुवून तर बघू दे," मी म्हणाले.

"बघायचं काय त्यात? तुझं तर कामच हे."

हेच. माझं काम काय हे मला सोडून सगळ्यांना माहीत असतं.

*

चिखल काढायलाच दोन आठवडे गेले. पाणी, मऊ ब्रश, लाकडी काडी. रोज संध्याकाळी फोन.

"झालं?"

"नाही."

"अगं, शेजारच्या काल्यूचा म्हातारा त्याचा गंजलेला नांगर एका दुपारात साफ करतो. तारेचा ब्रश लावतो मशीनला आणि..."

"मग काल्यूच्या म्हाताऱ्याला दे."

"अशी तुसडेपणानं बोलू नकोस."

लोखंड वाईट अवस्थेत होतं. गाळाखाली राहिलेली बाजू बरी होती, वरची बाजू पत्र्याच्या जुन्या डब्यासारखी पापुद्रे सोडत होती. मुठीवरचं हाड एका बाजूला शाबूत, दुसऱ्या बाजूला नाहीसं. नळीवर बारीक वेलबुट्टी होती, पण ती आता गंजातच उरली होती. म्हणजे असं: मूळ पृष्ठभाग म्हणून जे काही होतं ते गंजाच्या थरात होतं. गंज घासून काढला असता तर वेलबुट्टी गंजासोबत गेली असती आणि खालून खड्ड्याखड्ड्यांचं नुसतं लोखंड निघालं असतं. मग ते सपाट करायचं, म्हणजे अजून घासायचं, मग त्यावर मुलामा. शेवटी हातात येणार पिस्तुलाच्या आकाराची एक चकचकीत वस्तू. कुणाचीही.

हे मी ब्लागोताला फोनवर नीट समजावून सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं.

"बरं," तो म्हणाला. "मग पंधरा नोव्हेंबरपर्यंत होईल?"

पालथ्या घड्यावर पाणी. मी फोन ठेवला.

मी एवढी हट्टी का, याला एक कारण आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कुणी बडा पाहुणा येणार म्हणून साहेबांनी मला एक चकमकीचं पिस्तूल चमकवायला सांगितलं. मी चमकवलं. मन लावून, दोन दिवस. आणि शेवटचा हात फिरवताना उजेड तिरका पडला आणि मला दिसलं की चापाच्या बाजूला अक्षरं होती. एखादं नाव असावं. सुरुवातीची दोन अक्षरं उरली होती, बाकीची माझ्या पॉलिशच्या कापडावर तपकिरी डाग होऊन आली होती. कुणाला कळलं नाही. पाहुण्यांनी कौतुक केलं. मी ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही, ब्लागोतालाही नाही.

तरीही खोटं कशाला बोलू, माझे हात शिवशिवत होते. गंजकं लोखंड समोर असलं की घासावंसं वाटतंच. शिवाय तो माझा भाऊ. त्याच्या खोल्या रिकाम्या आहेत, गुडघे गेले आहेत, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो एवढ्या उत्साहाने काहीतरी घेऊन माझ्या दारात आला होता. कधी वाटायचं, देऊन टाकावं चकचकीत करून, जाऊ दे झालं. सकाळी उठून तसं ठरवायचे आणि दुपारी परत मन फिरायचं. ऑक्टोबर असाच गेला. माझाच मला वैताग आला होता.

*

गोळ्या भरायची चक्री अडकलेली होती, आत काय आहे दिसेना. चक्रीची तोंडं मातीने घट्ट बुजली होती. काही करण्याआधी एक्स-रे काढणं भाग होतं. संग्रहालयात विचारलं तर म्हणाले अर्ज करा. अर्ज केला तर म्हणाले निवृत्त कर्मचाऱ्यांसाठी वेगळा अर्ज आहे. शेवटी मी पिस्तूल खोक्यात घालून निक्शिच शहरातल्या गुरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर इलिंका माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची मुलगी, कुत्र्यामांजरांचे एक्स-रे काढते.

"पेशंटचं नाव?" तिने गंभीर चेहऱ्याने विचारलं.

"वुकोता."

"वय?"

"शंभरच्या पुढे."

"सकाळपासून उपाशी आहे ना?"

आम्ही हसत होतो. मग पडद्यावर चित्र आलं आणि ती पुढे वाकली.

"मावशी," ती म्हणाली, "ही तर गाभण आहे. पाच पिल्लं आहेत पोटात."

पाच घरं, पाच काडतुसं. प्रत्येकाच्या तोंडाशी शिशाची गोळी, जशीच्या तशी. एकही झाडलेली नव्हती.

मी ते खोकं मांडीवर घेऊन घरी जाणार नव्हते, हे उघडच. पोलिसांकडच्या दारूगोळ्याच्या माणसाला बोलावलं. तो पिस्तूल घेऊन गेला, आठवडाभर तेलात बुडवून ठेवलं, मग हळूहळू त्याचं बिजागर मोकळं केलं. ते उघडल्यावर काडतुसांची बुडं समोर आली. त्याने पाण्याखाली प्रत्येकाला बारीक भोक पाडलं, आतली दारू धुवून काढली आणि पिस्तूल मला परत दिलं. सोबत एक फॉर्म. त्यात 'चालू' आणि 'निकामी' असे दोनच चौकोन होते आणि त्याने दोन्हींवर खूण केली होती.

"एक सांगू का?" जाताना तो म्हणाला. "काडतुसाच्या बुडाशी ही जी टोपी असते ना, तिच्यावर घोडा आपटतो तेव्हा खळगा पडतो. गोळी सुटो न सुटो, खळगा पडतोच. या पाचही टोप्या कोऱ्या आहेत. यांच्यावर घोडा पडलेलाच नाही."

मी ते भिंगाखाली पाहिलं. हिरव्या झालेल्या पाच टोप्या, नाण्यासारख्या सपाट.

*

ब्लागोताला हे फोनवर सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. त्याने फोन केला, "झालं?" म्हणाला, आणि मी सांगून टाकलं.

पलीकडे त्याने दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"मग त्यांनी पाच झाडल्या आणि परत भरलं असेल."

"गोष्टीत गोळ्या संपल्या म्हणून फेकलं ना?"

"गोष्टीत! तुला आत्ता गोष्टीतल्या चुका काढायच्या आहेत?"

"ब्लागोता, त्यांनी गोळी झाडली नाही."

"काढून टाक ती काडतुसं," तो म्हणाला. "रिकामं कर, घास, मुलामा दे. कोण बघायला येणार आहे आत? तू आणि तुझं भिंग."

"ती आत गंजून बसलीत. काढायची तर ड्रिलनं कोरून काढावी लागतील."

"मग कोर. एवढी काय सोन्याची आहेत?"

"मी करणार नाही."

"म्हणजे? माझं पिस्तूल, माझ्या टाक्यात सापडलेलं..."

"आपलं टाकं."

यावर त्याने फोन आपटला. बाबा गेल्यापासून वाटणीची कागदपत्रं अर्धवट आहेत, आणि ते वाक्य मी बोलायला नको होतं.

*

दुसऱ्या दिवशी मी याग्लिका आत्याकडे गेले. आत्या नव्वद वर्षांची, बाबांची धाकटी बहीण. निक्शिचमध्ये चौथ्या मजल्यावर राहते. लिफ्ट गेल्या इस्टरपासून बंद आहे, त्यामुळे तीही इस्टरपासून खाली उतरलेली नाही. वुकोतांना जवळून ओळखणारी ती एकटीच उरली होती. ते गेले तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती.

मी तिच्यासाठी मिरचीच्या चटणीच्या दोन बरण्या नेल्या होत्या. तिने आधी बरण्या उजेडात धरून पाहिल्या.

"करपलीय."

"ब्लागोता मध्येच आला."

"तो जन्मला तोही मध्येच. बस."

मी तिला सगळं सांगितलं. तिने कॉफी संपवली, कप उलटा ठेवला.

"वुकोता आजोबा सांगायचे की," ती म्हणाली. "मी झाडली नाही म्हणून. दरवर्षी सांगायचे."

"कुणाला?"

"सगळ्यांना. कुणी ऐकलं नाही."

मग तिने जे सांगितलं ते असं. त्या हिवाळ्यात खिंडीच्या वर एक गुहा होती, तिच्यात गावातल्या बायका आणि मुलं लपली होती. त्यांत वुकोतांची बायको होती आणि अकरा वर्षांचा मुलगा, म्हणजे आमचे आजोबा. वुकोता गुहेच्या खाली दगडाआड पालथे पडले होते. शिपाई खालून गेले, चाळीसेक असतील. दोराला बांधलेले काही कैदी होते. त्यांत वुकोतांचा धाकटा भाऊ होता, मिरो. अनवाणी. वीस पावलांवरून गेला.

"त्यांच्या हातात पिस्तूल होतं, आत पाच गोळ्या होत्या," आत्या म्हणाली. "एक झाडली असती तर फौज वर चढली असती. गुहेला दुसरी वाट नव्हती. मिरोनं वर पाहिलं म्हणे. दिसले की नाही देव जाणे. ते पडून राहिले. हाताला चावत. इथे." तिने अंगठ्याखालची गादी दाखवली. "तो वण होता त्यांना. मी लहान असताना विचारायचे, कुत्रा चावला का? म्हणायचे, हो."

"आणि मिरो?"

"छावणीत गेला. टायफसनं. वसंत ऋतूच्या आधीच."

खालच्या रस्त्यावर कुणी तरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं. आत्या उठून खिडकी लावून आली.

"नंतर लोक म्हणाले, वुकोता खिंडीत होता, गुहा वाचली, म्हणजे त्यानंच मारून पळवलं असणार. ते म्हणायचे, नाही हो, मी झाडली नाही. तर लोक म्हणायचे, बघा, खरा वीर बढाई मारत नाही! दर संत निकोलाला. दाखवा पिस्तूल, सांगा गोष्ट. एका वर्षी उठले, पिस्तूल घेतलं, बाहेर गेले, टाक्यात टाकलं आणि येऊन मासे खायला बसले. मी असेन सात वर्षांची. लोक म्हणाले, वा, काय बाणेदार!"

"आत्या, तू हे आम्हाला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत? तुझा बाप उभा राहून सांगायचा, मी स्वयंपाकघरात असायचे."

परतीच्या वाटेवर बसमध्ये माझं ठरलं. घासणार नाही. गंज जिथे आहे तिथे थोपवायचा, त्यासाठी टॅनिनच्या द्रावणाचा हात द्यायचा, मेण लावायचं, काडतुसं जागेवर ठेवायची. ठरलं म्हटल्यावर बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट राग आला, नेमका कुणाचा ते कळेना. दरवर्षी ती गोष्ट ऐकून टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

ब्लागोताला मी पुन्हा सांगितलं, आत्याचा हवाला देऊन. तो म्हणाला, आत्या नव्वदीची आहे, परवा तिने मला भलत्याच नावाने, मिलुटिन म्हणून, हाक मारली. मी तिसऱ्यांदा सांगितलं, चिठ्ठी लिहून, टोप्यांच्या फोटोसकट. उत्तर नाही. फक्त एवढा निरोप: एकोणीस डिसेंबरला, संत निकोलाला, पिस्तूल घेऊन ये, पाहुणे येणार आहेत.

*

संत निकोलाला बर्फ पडलं होतं. तबेल्यातल्या नव्या शेकोटीसमोर लांब टेबल मांडलं होतं, वीसेक माणसं. उपासाचा दिवस, मटण वर्ज्य, म्हणून तळलेला मासा, खारवलेली कोबी, शेंगांची भाजी. मेणबत्ती लागली, धूप झाला, राकीचे पेले फिरले. शेकोटीच्या वर काचेची रिकामी पेटी टांगलेली होती, आत लाल मखमल. मी टॉवेलात गुंडाळलेलं पिस्तूल मांडीवरच ठेवलं.

जेवणानंतर ब्लागोताने हात पुढे केला. मी टॉवेल उलगडला.

पिस्तूल काळपट तपकिरी, मेणाने किंचित ओलसर दिसणारं. माझ्या दृष्टीने चांगलं काम होतं. तिरक्या उजेडात वेलबुट्टीसुद्धा दिसत होती.

"हे?" आमचा चुलतभाऊ सावो म्हणाला. "तीन महिने तू हे करत होतीस? माझ्या बायकोची कढई याच्यापेक्षा चकचकीत आहे."

"आणि तीसुद्धा ती घासत नाही," दुसऱ्या कुणी तरी म्हटलं. हशा पिकला.

ब्लागोता हसला नाही. पिस्तूल हातात घेऊन तो उभा राहिला आणि गोष्ट सुरू करणार तेवढ्यात माझा तोल सुटला.

"उघड ते," मी म्हणाले. "उघड आणि मोज."

तो उघडेना. मग सावोनेच ते त्याच्या हातून घेतलं, उघडलं, दिव्याजवळ धरलं. एक एक जण वाकून बघू लागला. पाच काडतुसं.

मी बोलायला सुरुवात केली. टोप्या, घोडा, खळगा, तज्ज्ञाचं मत. मला माझाच आवाज ऐकू येत होता, संग्रहालयात शाळेच्या सहलीला माहिती देतानाचा. गुहेपर्यंत मी पोचलेच नाही. मध्येच ब्लागोताने घसा खाकरला.

"भरलेलंच आहे," तो सावकाश म्हणाला. सगळे त्याच्याकडे वळले. "म्हणजे चाललंच नाही. बर्फात दारू भिजली होती. त्यांनी चाप ओढला. एकदा. काही नाही. दुसऱ्यांदा. काही नाही." तो थांबला. देवा, काय थांबला! "पाच वेळा. पाचही फुसक्या. मग त्यांनी पिस्तूल फेकलं आणि नुसत्या हातांनी..."

"चाप ओढला असता तर खळगे पडले असते!" मी ओरडले. "कोऱ्या आहेत त्या! बघा ना!"

"ताई, बस ना जरा," सावोची बायको माझी बाही ओढत म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, गोष्टीमुळे.

नुसत्या हातांनी! माझ्या डोळ्यांदेखत ती गोष्ट आधीपेक्षा मोठी झाली. म्हातारे माना डोलवू लागले. कुणी तरी म्हणालं, आमचे आजोबाही असंच काहीसं सांगायचे. आणि ब्लागोताने पिस्तूल वर धरून मला म्हटलं, अगदी मनापासून:

"बरं झालं तू ते घासलं नाहीस. असंच पाहिजे. गोळ्या आत, गंजलेलं. बघितलं की माणसाला पटतं."

मी त्याच्या हातातून ते काढून घेतलं, टॉवेलात गुंडाळलं, कोट चढवला. कुणी थांबवलं नाही. घाट उतरताना दोनदा गाडी घसरली, आणि दोन्ही वेळा मी शिव्या दिल्या त्या वुकोतांना. चार लोकांना खडसावून, टेबलावर मूठ आपटून सांगता आलं नाही तुम्हाला?

*

पुढचे सहा आठवडे आम्ही बोललो नाही. मी काय काय विचार केला! आता घासूनच टाकावं. काडतुसं कोरून काढावीत, म्हणजे पुरावाही नाही आणि फुसक्या गोळ्याही नाहीत. एकदा तर मशीनला चाक लावलं, चालू केलं, आणि ते गरगर फिरताना बघत उभी राहिले. मग बंद केलं.

जानेवारीच्या शेवटी एका सकाळी ब्लागोता आला. बूट दारात काढले. हे पाहूनच मी घाबरले, वाटलं कुणी तरी गेलं.

"आत्याकडून आलो," तो म्हणाला. "तुझी तक्रार करायला गेलो होतो."

मी कॉफी ठेवली.

"तिनं सांगितलं. मिरोचं." त्याने खिडकीबाहेर बोट दाखवलं. "वीस पावलं म्हणजे, दारा, इथून तुझ्या त्या फाटकापर्यंत. मी येताना मोजली. चेहरा दिसतो."

"हो."

"तू मला हे सांगायला हवं होतंस."

"मी तीनदा सांगितलं! चिठ्ठी लिहिली!"

"तू टोप्या सांगितल्यास," तो म्हणाला. "खळगे सांगितलेस. आत्यानं मिरो सांगितला."

मला इतका राग आला की कॉफी उतू गेली. आणि त्याहून जास्त राग आला तो यासाठी की तो बरोबर बोलत होता. चिठ्ठीत मिरोचं नाव होतं, पण चौथ्या मुद्द्यात.

पिस्तूल त्याने मागितलं नाही. जाताना म्हणाला, "राहू दे तुझ्याकडेच. त्या पेटीत मी दुसरं काही तरी लावीन." सध्या तिच्यात आजोबांचा घोड्याचा नाल आहे असं ऐकते. पर्यटकांनी विचारलं तर तो त्यांना काय सांगतो, ते मला माहीत नाही, आणि मी विचारलेलंही नाही.

पिस्तूल माझ्या कार्यशाळेतल्या कपाटात आहे. वाटलं होतं, ठरवलं की संपलं. संपत नाही. एप्रिलच्या दमट हवेत मेणाखालून नारिंगी ठिपके वर आले. ते खरवडले, पुन्हा टॅनिन, पुन्हा मेण. जुलैत पुन्हा तेच. गाळातलं काही तरी लोखंडात खोल मुरलंय, ते असं येतच राहणार. मागच्या आठवड्यात ब्लागोता कसल्याशा कामाने आला होता, मी भिंग लावून ठिपके टिपत बसले होते. तो शेजारी बसून बघत राहिला.

"निकेल लावलं असतंस तर एकदाच काम झालं असतं," तो म्हणाला.

"तो दिवा जरा इकडे धर," मी म्हणाले.